शालनचा भाऊ

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी तो पाहुण्याला चहा पाजून पाडून घेतला!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी विश्रामबागेत खोली घेऊन राहायचो. कचेरीतले लोक मला शामराव म्हणायला शिकले होते, पण कागदोपत्री मी अजून कुमारी शालनच. मिरजेच्या डॉक्टरांनी हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली, मिशी फुटली, छातीचं ऑपरेशनही झालं. पुढचं, गर्भपिशवीचं ऑपरेशन मात्र कचेरीच्या मेडिक्लेमवर टांगलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "विम्याचा माणूस चौकशीला येईल. विमा काढायच्या आधीचा आजार निघाला, तर क्लेम बाद. कमी बोला."

कमी? आणि मी?

त्यात दहिवडीहून आईचा निरोप आला. "शालन, सोयरीक आलीया. त्येंचा माणूस चवकशीला येईल. नीट ऱ्हा."

आईनं मला वर्षभर पाहिलं नव्हतं. मिशीसकट बोहल्यावर उभी करते की काय?

रविवारी दार वाजलं. दारात बॅग घेतलेले एक वयस्कर गृहस्थ.

"शालनबाई हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

"मी भाऊ तिचा. ती बाहेर गेलीय. या, चहा घ्या."

"नोकरी पक्की हाय का त्यांची? तब्येत कशी असती?"

झालं! नोकरी आणि तब्येत मुलाकडच्यांशिवाय कोण विचारतं? ही सोयरीक मोडायलाच हवी!

"कसली तब्येत घेऊन बसलात! जन्मापासून आजारी आहे ती."

"जन्मापासून?"

"अहो, पाळण्यापासून! नोकरीला लागायच्या आधी तर लय हाल."

भीतीनं जीभ थांबेचना. फिट, दमा, कावीळ, सगळं त्या गरीब बहिणीच्या अंगावर घातलं.

गृहस्थ चहा संपवून उठले. "बरं झालं, घरच्या माणसानंच सांगितलं. मी विम्याकडनं आलोय. आजार आधीचा म्हणल्यावर क्लेम बसत न्हाई."

आता पुढचं ऑपरेशन नाही, जन्मभर असंच अर्धवट राहायचं! तसाच जिन्यावरून त्यांच्यामागं धावलो.

"साहेब, थांबा! मी खोटं बोललो! शालन मीच आहे! आईशप्पत मीच!"

त्यांनी माझ्या मिशीकडं पाहिलं. मग खांद्यावर हात ठेवला. "भनीवर लय जीव हाय गड्या तुझा."

आणि गेले.

अहो, उभा जन्म 'मी शालन नाही' म्हणून घसा कोरडा केला, कुणी ऐकलं नाही. एकदाच 'मीच शालन' म्हणून ओरडलो, तर तेही कुणाला पटेना. इंजेक्शनं लागू पडली होती हो, विमाच तेवढा लागू पडला नाही!