आत्याच्या गोंदणातली अक्षरं मुखपृष्ठावर

मंडळी, आज माझं पहिलं मुखपृष्ठ पास झालं!

पुस्तक आमच्या निलंग्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांचं. माझी संगणकातली अक्षरं पाहून प्रकाशक काल म्हणाले, "ही तर लग्नपत्रिका वाटते. उद्या नवं आणा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

सकाळी आत्या भाकरी थापत होती. तिच्या हातावर जत्रेत गोंदलेलं तिचं नाव दिसलं, जाड, जरा वाकडं, पण ठसठशीत. त्याच वळणाने मी शीर्षक काढलं.

"लोक हसतील की गं, येडे!" आत्या म्हणाली.

दुपारी लातूरला प्रकाशकांनी लगेच होकार दिला.

संध्याकाळी आत्याने छापील नमुन्याशेजारी आपला हात ठेवून पाहिला. "गोंदताना लई रडले होते. बरं झालं, पळून गेले न्हाई."

तुमच्या घरात कुणाच्या हातावर अशी अक्षरं आहेत का?