बिनलसणाच्या शेवया

“डाव्या कुशीवर हो गं. उताणी झोपलीस की घोरतेस, आणि वर मलाच खोटं पाडतेस.”

भास्कररावांचा हा आवाज अनसूयाबाईंना अजून पडल्या पडल्या ऐकू येतो. माणूस जाऊन वर्ष होत आलं, पण हुकूम काही बंद झालेले नाहीत. खरं म्हणजे आज एकादशी, तीही चातुर्मासातली, निर्जळी धरलेली. उपासाच्या दिवशी दुपारी झोपू नये, हे त्यांना कुणी सांगायला नको. म्हणून त्या झोपलेल्या नाहीतच. हातात जपमाळ आहे, ओठ हलताहेत, नुसतं अंग टेकलंय. पंख्याची घरघर लांब लांब जाते. एकेक मणी पुढे सरकतो, आणि मग एक मणी सरकायचा राहूनच जातो.

पायांना गार पाणी लागतं.

त्या घाटाच्या पायरीवर उभ्या आहेत. भास्कररावांचा दहावा. पिंड मांडलाय आणि वर फांदीवर कावळा तोंड फिरवून बसलाय. मुलगा हात जोडतो, “बाबा, आईला मी सांभाळीन.” कावळा ढिम्म. अनसूयाबाई पुढे होतात, “तुमची पूजा चालवीन. एकही नेम मोडणार नाही.” कावळा चोच पंखात खुपसतो. मग कुमुदवन्सं, भास्कररावांची धाकटी बहीण, वाकून काहीतरी पुटपुटतात. त्या सरळ व्हायच्या आत कावळा झडप घालून घास उचलतो.

जन्मभर संसार कुणी केला, आणि कावळ्यानं ऐकलं कुणाचं! त्या दिवसापासून अनसूयाबाईंच्या पोटात जे दुखतंय, त्यावर ओव्याची मात्रा चालत नाही. वन्संचा फोन आला तर वाजू देतात. वन्सं दारात आल्या तर आतून निरोप जातो, जपाला बसल्यात.

“पाय पुसून ये. फरशी ओली होईल.”

घाटाची शेवटची पायरी उतरते ती थेट हॉटेलात. चारच टेबलं, भिंतीला पिवळा रंग, आत कुठंतरी भांड्याला झारा लागल्याचा आवाज. कॅम्पातलं ते इटालियन हॉटेल अनसूयाबाईंनी कधी पाहिलेलं नाही, पण वर्णन ऐकून ऐकून कान किटलेत, तेव्हा ओळखायला वेळ लागत नाही. एका राखी पौर्णिमेला वन्संनी ओवाळणीत साडी नको म्हटलं. “दादा, मला तिथं जेवायला ने,” म्हणाल्या. भाऊबहीण गेले. नेमका श्रावणी सोमवार, अनसूयाबाईंचा उपास. मग पुढे घरात पुरणपोळी होवो की उकडीचे मोदक, हे हात धुता धुता म्हणायचे, “पण त्या दिवशीच्या त्या शेवया! काय चव होती म्हणतेस! कुमुदला विचार.”

कुमुदला विचार! बायकोनं केलेलं पोटात आणि बहिणीबरोबर खाल्लेलं ओठांवर.

कोपऱ्यातल्या टेबलाशी भास्करराव बसलेत. इस्त्रीचा सदरा, मांडीवर पसरलेला रुमाल. समोरची खुर्ची रिकामी.

“वन्सं यायच्या असतील,” अनसूयाबाई उभ्या उभ्याच म्हणतात.

“बस.”

“नको बाई. त्यांची जागा.”

“तुझं नाव काय गं?”

“वर गेलात नि तेही विसरलात?”

“अनसूया. म्हणजे जिच्या मनात असूया नाही ती. तुझ्या वडिलांनी मला फसवलंच म्हणायचं.”

हसायचं नाही असं ठरवूनही त्यांना हसू येतं. त्या बसतात, तर खाली खुर्ची नाही, घरचा पाट आहे. गल्ल्याच्या जागी त्यांची समई जळतेय.

“बहीण आहे ती माझी,” भास्करराव हळूच म्हणतात.

“म्हणून तर. दुसरी कुणी असती तर भांडता तरी आलं असतं.”

आतून ॲप्रन बांधलेली जाडजूड इटालियन बाई येते आणि दोघांच्या मध्ये एकच ताटली ठेवते. रुंद शेवया, टोमॅटोचा लालभडक रस, वाफ, आणि मधोमध एक हिरवं पान.

“तुळस?”

“तिच्यातलीच. बेझिल म्हणतात इकडे.”

ते अनसूयाबाईंच्या कानापर्यंत पोचत नाही. तुळशीपत्र ठेवलेलं अन्न म्हणजे नैवेद्य. त्यांचे हात आपसूक जुळतात.

“कुणाला दाखवलाय?”

“तुला.”

“काहीतरीच! आणि लसूण? माझा चातुर्मास आहे.”

“नाही घातलेला.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“त्याच दिवशी विचारून ठेवलं होतं. या बाईंना म्हटलं, आमच्याकडे एक आहे, चार महिने कांदा-लसूण खात नाही. तिच्यासाठी बिनलसणाच्या कराल का? त्या म्हणाल्या, घेऊन या. कुमुदला विचार.”

“मग मला कधी बोलला नाहीत ते?”

“दर सणाला काढायचो विषय. ‘त्या शेवया’ म्हटलं की तू भांडी आपटायला लागायचीस. पुढचं कुणाला सांगू?”

टेबलाखालून नदी वाहतेय. अनसूयाबाई पाय वर घेतात.

“घाटावर काय म्हणाल्या त्या तुम्हाला?”

“‘दादा, वहिनीला मी तिथं जेवू घालते. तू जा आता.’ मग गेलो.”

अनसूयाबाई ताटलीकडे बघत राहतात. तरी काटा बोचतोच. “पण सांगितलंत तिलाच.”

“तू जपाला बसली होतीस.” भास्करराव ताटली पुढे सरकवतात. “खा. निवेल.”

“एकादशी आहे.”

“नैवेद्य नाकारतेस?”

झालं. त्यापुढे त्यांचं काय चालणार? काट्याचमच्याच्या भानगडीत न पडता त्या बोटांनीच मोठा घास उचलतात आणि तोंडात घालतात. डोळ्यांत पाणी येतं.

“अगं, फुंकर तरी मार! जाशील ना तिच्याकडे?”

घास तोंडात घोळवत त्या मान हलवतात.

“तोंडानं सांग.”

“जाईन.”

भिंतीवर दुपारचं ऊन आहे. माळ छातीवर पडलीय. अनसूयाबाई उठून बसतात, ‘राम राम’ म्हणायला जातात आणि थबकतात. जिभेचं टोक झोंबतंय. आरशापाशी जाऊन त्या जीभ बाहेर काढतात. लाल झालीय, वर बारीकसा फोड. आणि सकाळपासून तर पाण्याचा थेंबही पोटात नाही.

उपास मोडला का? गुरुजींना विचारावं, तर विचारायचं तरी काय?

त्या तोंड धुतात, माळ गोमुखीत ठेवतात, देवापुढे वाकतात. ठेवणीतली साडी नेसून दाराला कुलूप लावतात. जिन्यात शेजारची सुनंदा भेटते.

“काकू, एकादशीच्या, एवढ्या उन्हाच्या कुठं?”

“वन्संकडे. उद्याच्या पारण्याचं ठरवायला,” अनसूयाबाई जरा बोबडं बोलतात आणि पोळलेली जीभ दातांना लागू न देता एकेक पायरी उतरू लागतात.