इंदुताई अव्वल आल्या

मशीनने कामावरून काढायला पहिलंच नाव सुचवलं, ते रीना आत्रामचं.

सिंदेवाहीच्या बाहेर, मूलच्या रस्त्यावर प्रफुलभाऊंची राईस मिल आहे. तिथल्या पॅकिंगच्या टेबलावर आठ-दहा बाया पाच किलोच्या कापडी पिशव्या भरतात, काट्यावर ठेवतात, सुतळीची गाठ मारतात. प्रत्येकीची जागा ठरलेली. दिवाळीनंतर टेबलावर कॅमेरा आला. कोणत्या जागेवर किती पिशव्या बांधून झाल्या हे तो मोजायचा आणि संध्याकाळी दारालगतच्या स्क्रीनवर सगळ्यांची नावं वरून खाली लावायचा. वरून बघतो, मोजतो, पण कधी चांगलं म्हणत नाही, म्हणून बायांनी त्याचं नाव ठेवलं सासू.

या बायांच्या मुकादम इंदुताई निकुरे. पंचवीस वर्षांपूर्वी त्या याच मिलमध्ये सुपात तांदूळ निवडायला आल्या होत्या. खडे आणि काळा दाणा उडवणारं मशीन आलं तेव्हा बाकीच्या जणी रडल्या, इंदुताई मात्र ते मशीन चालवायला शिकल्या. त्यामुळे यंत्राशी त्यांचं वैर नव्हतं. उलट दुपारी एका कोपऱ्यातलं काम मंदावतं हे सासूनेच दाखवलं होतं. इंदुताईंनी जाऊन पाहिलं, तर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट बायांच्या डोळ्यांवर येत होतं. त्यांनी हिरवी जाळी लावून घेतली. तेव्हापासून त्यांचा सासूवर विश्वासच बसला होता.

म्हणून रीनाचं नाव आलं तेव्हा त्यांना खरंच वाटलं. बडबड करणारी बाई. तिची जागा पाहावी तर अर्धा वेळ रिकामी.

"पहिल्या तारखेच्या आत मंजूर करून टाका, इंदुताई," प्रफुलभाऊ म्हणाले. ते स्वतः इंजिनियर, हौसेने हे सगळं त्यांनीच बसवलेलं. "मशीन कोणाची नातलग नाई. जिचं कमी, ती कमी."

इंदुताईंचं बोट स्क्रीनवरच्या मंजुरीच्या हिरव्या बटणापर्यंत गेलं आणि थांबलं. रीना लांबच्या जंगलातल्या गावची. पोरीच्या शाळेसाठी सिंदेवाहीत खोली करून राहिलेली. काम गेलं की खोली गेली, खोली गेली की पोरीची शाळा. बटण दाबलं तरी तिला सांगावं लागणार होतं ते इंदुताईंनाच. काय सांगणार? मशीन म्हणते म्हणून?

"भाऊ, मले एक दिवस टेबलावर बसू द्या," त्या म्हणाल्या. "मंग काय ते ठरवते."

टेबलावरची भागीरथा भाचीच्या लग्नाला गेली होती. दुसऱ्या दिवशी इंदुताई तिच्या जागेला आपलं नाव लावून तिथे जाऊन बसल्या. शेजारी रीना, तिच्या पलीकडे सोनीबाई. सोनीबाई वयाने सगळ्यांत मोठी, सगळ्यांची मावशी; थंडीत तिची बोटं आखडतात.

"पाहा वो, साहेब आले पिशव्या भराले," सोनीबाई म्हणाली.

"गाठ मारता येते का बाई?" रीनाने विचारलं.

"तुह्या जन्माच्या आधीपासून मारते मी."

येत नव्हती. मुकादम झाल्यापासूनच्या दहा वर्षांत हाताची सवय मोडली होती. दोन पिशव्यांत इंदुताईंच्या कपाळावर घाम आला. रीनाचे हात मात्र बघत राहावे असे. भरली, तोलली, गाठ, बाजूला. चार झाल्या की ती उठायची आणि सोनीबाईच्या जागेवर जाऊन तिच्या दोन बांधून यायची. तोंड चालूच. मग इंदुताईंच्या पुढ्यातली तिथल्या तिथे बांधून टाकायची.

"काऊन वं, तुही जागा तर रिकामी आहे," इंदुताई म्हणाल्या.

"होते ना माझं. मावशीची पात मागं राह्यली."

इंदुताईंचा हात थांबला. धानाच्या रोवणीत बाया बांधीत, म्हणजे खाचरात, ओळीने उभ्या राहतात. प्रत्येकीच्या वाट्याला चिखलाची एक पट्टी येते, ती तिची पात. एखादी मागे पडली, की शेजारणी न बोलता हात लांबवून तिची पात आपल्यात घेतात, कारण धुऱ्याला, पलीकडच्या बांधाला, सगळ्यांनी मिळूनच लागायचं असतं. एकटी पुढे निघून गेली तर तिला गाण्यातून टोमणे बसतात. पाऊसकाळ रोवणीत घालवलेल्या या बायांनी मिलचं टेबलही तसंच चालवलं होतं. फक्त गाठ ज्या जागेवर पडली, ती सासूने त्या जागेच्या नावावर टाकली होती.

संध्याकाळी स्क्रीन उजळला. पहिलं नाव इंदु निकुरे. खाली हाराचं चित्र.

 सोनीबाई तांदळाच्या पोत्यावर बसूनच हसायला लागली. कोणी इंदुताईंना खरोखरच सुतळीचा हार घातला. तो हार घेऊनच त्या प्रफुलभाऊंच्या केबिनमध्ये गेल्या.

"भाऊ, मी अव्वल आली."

प्रफुलभाऊंनी स्क्रीन पाहिला, इंदुताईंची सोललेली बोटं पाहिली. "तुमी? तुमाले तर गाठ येत नाई."

"तेच म्हणते."

सगळं ऐकल्यावर ते मनापासून हसले. मग त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला. "सोपं आहे. जागा नाई, हात ओळखाले लावू. कोणाचा हात कुठी गेला, सगळं येईल."

"नका करू तसं. हात मोजले, तर हात आपल्याच जागेवर राहील. मंग सोनीबाई मागं पडन, आणि तिच्यासंगं तुमची मालाची गाडीही."

"पण मंग एखादी कामचुकार आलीच, तर ओळखू कशी?"

"त्याचाच तर मले पगार देता."

प्रफुलभाऊ पेन्सिल चावत बसले. शेवटी त्यांनी लॅपटॉप ओढला आणि नावांची उतरंड काढून टाकली. सासूने आता अख्ख्या टेबलाचं मोजायचं, ऊन-वारा, खोळंबा दाखवायचा. माणसांचं इंदुताई पाहतील. रीनाच्या नावापुढचं नामंजुरीचं लाल बटण इंदुताईंनी स्वतः दाबलं. मशीनने कारण विचारलं. पर्याय होते आजारपण, रजा, इतर. त्यांनी 'इतर' केलं.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून त्यांनी रीनाला खरं सांगितलं, की तुझं नाव आलं होतं, आता गेलं.

"माहीत होतं मले," रीना म्हणाली. "रोज खालीच दिसे ना. उद्या पोरीचा दाखला काढाले जाणार होती शाळेत. आता नाई जात."

"मंग हात काऊन नाई आवरला वं? दोन दिवस आपलंच भरलं असतं, तर वर आली असती."

रीनाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच कळला नाही. "मावशी शेजारी मागं राह्यली ना."

 इंदुताईंनी एक पिशवी ओढली, भरली, तोलली, बांधली.

"गाठ ढिली आहे वो बाई," रीना म्हणाली आणि खुदकन हसली. "सरका, मी मारते."