चारशे बारा फोटो

भूकंपाच्या वर्षी लातुरात पाट्या रंगवायला लागलेला ताहेर आता क्लासवाल्यांच्या वेबसाइट बनवायचा. शिवशंकर सरांचा क्लास गुगलवर तिसऱ्या पानावर यायचा आणि सर दर सोमवारी त्याला फैलावर घ्यायचे.

"सर, आपल्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर चारशे बारा पोरांचे फोटो हायेत. मोबाईलवर उघडायला लई वेळ लागतो, लोक कंटाळून निघून जातात, मग गुगल बी मागं ढकलतं," हे सांगून सांगून ताहेर थकला होता.

"फोटोशिवाय चौकातला बोर्ड तरी कुणी बघतं का?" सरांचं ठरलेलं उत्तर.

एकदा ताहेर क्लासवर गेला, तर बंद दारापाशी शिरूर अनंतपाळचे शेषेराव नातीच्या प्रवेशासाठी येऊन बसले होते. मोबाईलवर क्लासची वेबसाइट लावली होती आणि फोटोमागून फोटो उघडत होते. "मला पोरांची तोंडं न्हाई बघायची, सरांचा नंबर पायजे," ते वैतागून म्हणाले.

ताहेरनं नंबर दिला आणि तिथंच बसून, कुणाला न विचारता, सगळे फोटो काढून टाकले.

दोन महिन्यांत क्लास गुगलच्या पहिल्या पानावर आला. सरांनी बोलावून पेढा दिला.

"आलो ना वर, ताहेरभाई? आता ते फोटो परत टाका. यंदाचे एकशे चाळीस धरून."

ताहेरनं पेढा खाल्ला आणि लॅपटॉप उघडला.