आमच्या खुंटांची जागा

हिवाळ्यातल्या उतरत्या उन्हात वाळणाऱ्या जवळ्याचा वास थळच्या आमच्या कोळीवाड्यावर इतका दाट पसरतो, की पलीकडच्या खतकारखान्याचा दर्पही त्यात विरून जातो. त्या वासाने आज सभेच्या मांडवात आलेल्या पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले आणि माझ्या आत काहीतरी पाजळू लागलं. समुद्रात उभ्या राहायच्या पवनचक्क्यांच्या अहवालासाठी ते ‘स्थानिकांचं ज्ञान’ नोंदवायला आले होते. वाड्यातली इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी म्हणून दुभाषी मी होते, चारचौघांत जिचं तोंड कधी उघडत नाही ती मी.

बाबा सांगत होते, भरती-ओहोटीच्या ओढीत मासळी धरणाऱ्या डोल जाळ्यांचे आमचे खुंट जिथे समुद्रात रोवलेले आहेत, ती जागा पणजोबांपासूनची. तिला कागद नाही. एखाद्या वर्षी खुंट मोडले, जाळं लागलं नाही, तरी दुसरं कुणी तिथे खुंट रोवत नाही, कारण ती जागा कुणाची हे साऱ्या वाड्याला ठाऊक असतं. मी भाषांतर केलं. पाहुण्यांमधल्या मोठ्या साहेबाने मान हलवली आणि हसत, हलक्या आवाजात शेजारच्याला इंग्रजीत काही म्हटलं. मी समोर आहे, हे तो विसरला होता.

मी उभी राहिले. “सायेब म्हनतात, बोलू दे त्यांना, ऐकलं एवढं लिवलं का झालं. चक्क्यांच्या जागा कवाच ठरल्यात.”

मग आत्या कडाडली, “मंग चाय कशाला पाजता त्याला? काढा तो कप!” आणि सारा मांडव हसला. साहेबाचे कान लाल होताना मी पापणी न हलवता पाहिले. इतकं गोड मला क्वचितच काही लागलं असेल. मला आणखी हवं होतं.

तो चाचरत म्हणाला, ती जागा बघायला मिळेल का? मी बाबांना सांगितलं. आता ते त्याला झोडपतील, या आशेने मी शब्द निवडूनही ठेवले होते.

“येवू दे,” बाबा म्हणाले. “पन यंत्र न्हाय आनायचा. डोंगराची खाच नि उंदेरी किल्ल्याचा बुरूज एका रेघेत कसं येतात, त्यावरनं आमी जागा कशी वलखतो, ते त्याच्या डोल्यांनी बघू दे.”

या वाक्यात धार कुठे भरावी, मला कळेना. जसं होतं तसं सांगितलं.

उद्या जायचंय. त्याला मी होडीच्या पुढच्या टोकाला बसवणार आहे, जिथे लाट आधी अंगावर येते. एवढं तरी माझ्या हातात आहे. पण भिजलेला माणूस वाळतो. ते खुंट आणि ती रेघ पाहून परतल्यावर मात्र ‘मला ठाऊक नव्हतं’ असं त्याला जन्मात म्हणता येणार नाही, चक्की तिथे उभी राहो वा न राहो. बाबांनी हे इतक्या मऊ आवाजात कसं केलं, याचा विचार करत मी अंगणात बसले आहे, आणि पहिल्यांदाच मला त्यांची थोडी भीती वाटते आहे.