गोगलगायीवरचं बोट

डिंकमावशीचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. ग्रंथालयातली पोरं तिला डिंकमावशी म्हणायची, आणि पोरांचं ऐकून मोठ्यांनीही तेच उचललं. खरं म्हणजे ती डिंकाला हातसुद्धा लावत नसे. ती गव्हाची खळ वापरायची, रोज सकाळी ताजी शिजवलेली. डिंकानं कागद पिवळा पडतो, हे तिनं सत्तावीस वर्षांत भेटेल त्याला सांगून पाहिलं, पण ऐकतो कोण!

मुलांच्या वाचनकक्षाच्या मागे तिची दुरुस्तीची खोली. एक मोठी खिडकी, खिडकीशी लांब टेबल, टेबलावर ब्रश, हाडाची पट्टी, डाग काढायच्या बाटल्या आणि कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ कागद. कोपऱ्यात चाक फिरवून आवळायचं दाबयंत्र. आणि भिंतीशी रांगेत तिचे पेशंट. रांगत्या बाळांच्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांपासून कॉलेजातली पोरं वाचतात त्या चित्रकादंबऱ्यांपर्यंत सगळी सचित्र पुस्तकं मोडली, फाटली, उसवली की तिच्याकडे यायची.

दाराबाहेर मतांची पेटी होती. वाचकांनी चिठ्ठीवर पुस्तकाबद्दल मत लिहावं आणि पेटीत टाकावं. डिंकमावशीला त्या पेटीचं हसू यायचं. 'चित्रे सुबक, आशय बोधप्रद, मुलांवर चांगले संस्कार होतात,' असं कुठलं पोर लिहितं? एकदा तर एकाच पुस्तकावर अठरा चिठ्ठ्या निघाल्या, अठराही एकाच अक्षरात. तेव्हापासून नियम झाला, की मत वाचकाच्या स्वतःच्या हातचं हवं.

तिची पेटी वेगळी होती. मोठी माणसं पुस्तक आवडलं की तोंडदेखलं का होईना, बोलतात. मुलं पुस्तक झिजवतात. राक्षसाचे डोळे पेन्सिलीनं भोसकलेले असले, की ती खूश व्हायची. बरोबर घाबरली पोरं, चित्रकार जिंकला! अस्वलाच्या पिल्लाच्या गालावर एक चकचकीत गोल असायचा, तो पाप्या घेऊन घेऊन झालेला. एका गाजलेल्या बक्षीसपात्र पुस्तकाची पहिली दहा पानं मळकी होती आणि पुढची पन्नास इतकी कोरी, की तिला लेखकाची दया आली.

मोठी पोरं तर समासात पेन्सिलीनं सरळ लिहायचीच. त्यांनी काढलेल्या मिशा, बदाम, एकमेकांचे फोन नंबर ती खोडरबरानं साफ करी. पण एका चित्रकादंबरीत, मुलगी घर सोडून जाते त्या पानावर, तीन ओळी होत्या. 'इथे मी रडले.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'मीपण.' आणि त्याखाली तिसऱ्याच्या, 'मी नाही रडलो. (रडलो.)' ते पुस्तक चारदा दुरुस्तीला आलं. चारही वेळा तिनं त्या ओळी सोडल्या, आणि तिथं कागद फार नाजूक आहे अशी स्वतःचीच समजूत घातली.

संध्याकाळी ती घरी आली की नवरा विचारायचा, "काय, आज कोणाचा निकाल?" तो लिफ्टदुरुस्तीचं काम करी. आणि ती हातवारे करत सांगत सुटायची.

तिला काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या बाइंडरनं. ती त्याला उस्ताद म्हणायची. उस्तादचा एकच धडा होता, "दुरुस्ती दिसली की दुरुस्ती फसली." तो तिनं इतका मनावर घेतला, की तिनं जोडलेली फाट भिंग लावूनही सापडत नसे. डागांचंही तेच. तेल, चहा, बॉलपेन, सगळं निघायचं. ग्रंथालयाच्या समितीवर एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांच्या नकाशांच्या पुस्तकावर शिक्क्याच्या शाईची अख्खी बाटली सांडली होती. डिंकमावशीनं अर्ध्या दिवसात पुस्तक परत दिलं. हेडमास्तरांनी ते तीनदा उलटंपालटं केलं, पण डाग कुठं होता तेच त्यांना सापडेना. त्या दिवसापासून ते तिच्या खोलीवरून जाताना चष्मा काढून मान झुकवत.

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

आठ महिन्यांपूर्वी नव्या ग्रंथपाल मॅडम आल्या. बाई वाईट नव्हत्या, उलट हुशार आणि धडाडीच्या. पण नवी पुस्तकं खोक्यांत पडून होती, कपाटात तसूभर जागा नव्हती. मॅडमनी फर्मान काढलं. दोन वर्षांत जे पुस्तक घरी गेलं नाही आणि ज्यावर एकही मत आलं नाही, ते बाद. बाद पुस्तकं थेट कागदाच्या लगद्याला. चाळीस पुस्तकांची यादी डिंकमावशीच्या टेबलावर आली, शुक्रवारच्या समितीच्या बैठकीआधी लेबलं काढून ठेवा म्हणून.

यादी वाचताना तिची मान डोलत होती. हे जाऊ दे. हेही जाऊ दे, याचं तर अकरावं पान कोणी उघडलेलंच नाही. सतराव्या नावावर मात्र ती थांबली.

'वर वर शेळी.'

हे पुस्तक टेबलाएवढं मोठं, म्हणून घरी द्यायचं नाही, गालिच्यावर बसूनच बघायचं. चोवीस चित्रं, पानाच्या एकाच बाजूला छापलेली, आणि शब्द एकही नाही. एक शेळी आधी पाटावर चढते, मग खुर्चीवर, मग कपाटावर, छपरावर, झाडावर, शेवटी चंद्रावर. बस्स. त्याचे वाचक तीन-चार वर्षांचे. ते घरी काय नेणार आणि चिठ्ठी काय लिहिणार!

पण डिंकमावशीसाठी हे पुस्तक म्हणजे निव्वळ चमत्कार होता. कित्येक वर्षं ते तिच्याकडे यायचं आणि प्रत्येक पानावर एकच जागा विरलेली असायची, बोटाच्या टोकाएवढी. दर पानावर वेगळी. तिला आधी वाटलं, कसर लागली. मग वाटलं, कागदच खराब. ती निमूटपणे मागून पातळ कागद लावायची आणि पुस्तक परत पाठवायची. नवव्या पानावर तर त्या जागी एक काळपट कण होता, तो तिनं घाण समजून घासायलाही घेतला होता.

मग गेल्या महिन्यात एका दुपारी दार उघडं होतं. गालिच्यावर एक साडेतीन वर्षांची मुलगी बसली होती. ऊन असो की काही असो, ही बया गमबूट घालूनच यायची, म्हणून सगळे तिला बूटराणी म्हणत. आजोबा शेजारी पेंगत होते. बूटराणीनं पान उलटलं. शेळीकडे बघितलंसुद्धा नाही. तिचं बोट सरळ चित्रातल्या कपाच्या कानावर गेलं, गच्च दाबलं गेलं. पुढचं पान उलटलं, बोट थेट जिन्याखाली. त्याच त्या विरलेल्या जागा!

डिंकमावशी गुडघ्यावर बसली आणि तिनं पानात नाक खुपसलं. कपाच्या कानात मसुराच्या दाण्याएवढी एक गोगलगाय होती.

सत्तावीस वर्षांत ती त्या खोलीत पहिल्यांदा धावली. भिंग आणलं, पुस्तक टेबलावर पसरलं आणि चोवीसच्या चोवीस शोधल्या! छपराच्या कौलात, शेळीच्या शिंगामागे, चंद्राच्या डागात. शेळी उड्या मारत चंद्रावर पोचते, आणि गोगलगाय सरपटत तिच्याबरोबरच पोचते. कुण्या मोठ्या माणसाला याचा पत्ता नव्हता. पोरांनी एकमेकांना न सांगता, वर्षानुवर्षं, तिच्यावर बोट ठेवलं होतं. तिला इतका आनंद झाला, की तिनं नवऱ्याला कामावरून बोलावून घेतलं. ग्रीसचे हात पाठीमागे बांधून तो दहा मिनिटं शोधत राहिला आणि एक सापडल्यावर लहान पोरासारखा ओरडला.

आणि हे पुस्तक लगद्याला!

ती यादी घेऊन तडक मॅडमकडे गेली. "मॅडम, सतरा नंबर चुकून आलाय."

"चुकून नाही मावशी. घरी नेलं शून्य वेळा, मतं शून्य." मॅडमनी पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं. "आणि तुम्हीच बघा ना, किती नवंकोरं आहे. हात तरी लावलाय का कोणी याला?"

आपल्या कामाची इतकी मोठी पावती डिंकमावशीला आजवर मिळाली नव्हती, आणि मिळाली ती अशी. पोरांनी दिलेलं प्रत्येक मत तिनं आपल्या हातानं, मन लावून, माग राहणार नाही असं मिटवून टाकलं होतं. ती पुस्तक घेऊन खोलीत आली. दुरुस्ती दाखवायची? उस्तादनं हे ऐकलं असतं तर बोलणंच टाकलं असतं. पण उस्ताद आता नव्हता आणि पुस्तक होतं. 'माफ करा हो उस्ताद,' ती पुटपुटली.

शुक्रवारी अकराला हेडमास्तर आले. बैठक सुरू व्हायच्या आत ती आत शिरली.

"सर, मॅडम, पाच मिनिटं माझ्या खोलीत चला. इथं दिसणार नाही."

"काय दिसणार नाही?" मॅडमनी घड्याळ बघितलं.

"वाचकांची मतं."

खिडकीशी उभी राहून तिनं शेळीचं तिसरं पान उचललं आणि उजेडासमोर धरलं. टेबलावर नितळ दिसणाऱ्या पानात एक काळसर गोल ठिपका उमटला. चौथ्या पानात दुसरीकडे. पाचव्यात तिसरीकडे.

"हे माझे जोड," ती म्हणाली. कान तापले होते, सगळ्यांसमोर कपडे बदलावेत तसं तिला होत होतं. "या ठिपक्यात चार थर आहेत. याच्यात सहा. पोरं झिजवतात, मी भरते. पुन्हा झिजवतात, पुन्हा भरते. नवंकोरं नाहीये मॅडम हे. सगळ्या ग्रंथालयात याच्याइतकं वाचलेलं पुस्तक नाही!"

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "कशानं झिजतं?"

"बोटानं."

"पण त्याच जागी का? काय आहे तिथं?"

"तुम्हीच बघा."

त्यांनी पाहिलं. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. "काही नाही हो इथं. कप आहे."

डिंकमावशीनं दारातून हाक मारली. गमबूट फटक फटक करत आले, मागून आजोबा. बूटराणीनं पानाकडे पाहिलं आणि क्षणाचाही विचार न करता बोट ठेवलं.

"गोगलगाय," ती म्हणाली, हेडमास्तरांची कीव आल्यासारखी.

"आयला!" हेडमास्तर म्हणाले. चाळीस वर्षं शाळा गाजवलेल्या माणसाच्या तोंडून!

मग जे सुरू झालं ते विचारू नका. हेडमास्तर टेबलावर ओणवे, मॅडम त्यांच्या खांद्यावरून वाकलेल्या. "इथं! शिंगामागे!" "थांबा सर, पान उलटू नका, मला मिळतेय!" मॅडमना लागोपाठ तीन सापडल्या आणि त्या चक्क टाळ्या पिटू लागल्या. बूटराणी प्रत्येक पानावर त्यांच्या आधी पोचत होती आणि मोठ्यांच्या अडाणीपणावर उसासे टाकत होती. डिंकमावशी भिंतीला टेकून उभी होती. हसू आवरत नव्हतं आणि डोळेही.

पंधराव्या पानावर मॅडम भानावर आल्या. "मावशी, मला पटलं हो. अगदी पटलं. पण यादी वर पाठवायचीय. लेखी मताशिवाय नाव काढता येत नाही. रकान्यात काय लिहू, ठिपके?"

"मी लिहून देतो की," आजोबा म्हणाले.

"नाही ना चालत. वाचकाच्या हातचं हवं. नियम आहे."

सगळे बूटराणीकडे बघू लागले. तिला 'क'सुद्धा येत नव्हता.

"वाचकाचा हात तर हाच," हेडमास्तर म्हणाले. "ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा घेतात. आणा शिक्क्याची शाई!"

मॅडम स्वतः धावत जाऊन निळी गादी घेऊन आल्या. चिठ्ठीवरचा 'वाचकाचं मत' हा रकाना पुढे धरला. बूटराणीनं अंगठा द्यायला साफ नकार दिला. गोगलगायीचं बोट हेच, तिनं ठणकावलं, आणि तेच गादीवर दाबून चिठ्ठीवर उमटवलं. निळं, गोल, ठसठशीत. आजोबांनी खाली तिचं वय लिहिलं. मॅडमनी यादीतल्या सतरा नंबरवर आडवी रेघ मारली.

तेवढ्यात बूटराणी वळली, टेबलाशी गेली, पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि आपलं ओलं निळं बोट पाटाखालच्या गोगलगायीवर गच्च दाबलं.

"अगं, अगं!" मॅडम किंचाळल्या. "मावशी, पुसा! लवकर, ओलं आहे तोवर!"

कापूस टेबलावरच होता. बाटली हाताशी होती, बूचसुद्धा सैल होतं. डिंकमावशीनं हात पुढे केला. मग त्या ठशाकडे पाहिलं. त्यातल्या बारीक रेषा मोजता येत होत्या, आणि मधोमध निळी झालेली गोगलगाय.

तिनं हात मागे घेतला.

"शिक्क्याची शाई आहे मॅडम," ती म्हणाली. "ही निघत नाही."

हेडमास्तरांनी पानावरून मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून मान झुकवली.

"नाहीच निघत," ते मॅडमना म्हणाले. "मला अनुभव आहे."