सरूबाईचा क्रूस

बहिणींनो, आज दुपारपासून माझं डोकं चालेना, म्हणून माझ्यासारख्याच गावोगाव बायबल शिकवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना लिहितेय.

लढाईमुळे दिव्याला रॉकेल मिळेना, म्हणून ईस्टरआधीच्या उपवासकाळाची प्रार्थना कळमनुरीत आम्ही दुपारीच घेतो. आज मी येशूच्या 'आपला क्रूस उचला' या वचनावर बोलत होते. तेवढ्यात ऐकायला बसलेल्या बायकांतून सरूबाई उठली. डोळ्याखाली काळंनिळं झालेलं.

"बाई, नवऱ्याचा मार हाच तुझा क्रूस, सोस, असं तुमीच म्हनल्या व्हत्या. पन येशूला मारनारे पापी व्हते ना? मग माझा नवरा काहून न्हाई?"

ती लेकरू घेऊन शिरड शहापूरला माहेरी निघाली. मी अडवलं नाही, उलट भाकरी बांधून दिल्या.

मी तिला क्रूस टाकू दिला, की तो क्रूस नव्हताच? आणि नव्हता, तर इतके दिवस मी तिला काय उचलायला लावलं?